काशाच्या वाटीतली कॉफी

कुडवा, गोंदिया
१६ नोव्हेंबर २०१४

प्रिय रविता,

परवा तुझा फोन मध्येच तुटला. तुमच्या नवेगाव बांधला मोबाईलची रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येते आणि तिथं उभं राहून बोललेलं शेजारच्या सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून तू आपली "बरी आहेस ना, जेवतेस ना" एवढंच घोळवत होतीस. तेव्हा बाकीचं पत्रात. आपल्या दोघींच्या आयांनीही एकमेकींना पत्रंच लिहिली, दोन बहिणींचा तो वारसा समज.

टाके सुकले. नागपूरच्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकलाय, उरलंय ते एखाद्या केळ्याएवढं. एका वेळी वाटीभर पातळ वरण, तेही चमच्याचमच्यानं. पहिल्या आठवड्यात त्या वाटीकडे बघून मला रडू यायचं. आता येत नाही. एकशे अठराचं वजन एकशे तीनवर आलंय. रात्री श्वास अडकून दचकून उठणं थांबलं. हे म्हणतात, "तुझं घोरणं बंद झाल्यापासून मला झोप येत नाही." माणसाला कशाचीही सवय होते.

लोकांना पित्ताशयाचे खडे काढले असं सांगितलंय, शाळेतसुद्धा. खरं फक्त ह्यांना आणि तुम्हा तिघांना ठाऊक. खड्यांची कुणाला लाज वाटत नाही. जाडी कमी करायला पोट कापून घेतलं म्हटलं, तर लोक आधी माझ्याकडे बघतील, मग माझ्या ताटाकडे, आणि मग एकमेकांकडे.

जड जाते ती एकच गोष्ट. कॉफी. तुला माहीत आहे, घर उठायच्या आधी मोठा स्टीलचा पेला भरून घ्यायचा, तीन चमचे साखर, आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायचं. वीस वर्षं दिवसातला तेवढाच वेळ माझा होता. डॉक्टरांनी दोन महिने कॉफी बंद सांगितली आहे. नंतर अर्धी वाटी, घोट घोट, आणि साखर अजिबात नाही. साखरेचं तर मी दिवाळीतच बघितलं. अनारशाचा नखाएवढा तुकडा खाल्ला आणि छाती अशी धडधडायला लागली, इतका घाम फुटला, की भिंतीला टेकून बसले.

तरी पहाटे मी पायरीवर जातेच. हातात रिकामा पेला असतो. ह्यांना वाटतं हिच्या पोटासोबत डोकंही थोडं कापलं असावं. पण बसता बसता कळलं, की मला कॉफीइतकीच ती पायरी हवी होती.

येत्या रविवारी आपले मध्यस्थ केवळरामभाऊ मला कामठ्याला नेणार आहेत, तुझ्या दिव्यासाठी सांगून आलेलं ते घर बघायला. काय काय बघायचं ते कळव.

तुझी,
दुर्गाताई


नवेगाव बांध
२० नोव्हेंबर २०१४

प्रिय दुर्गाताई,

तू वाटीभर वरणावर जगतेस हे वाचून माझ्या घशाखाली घास उतरेना. मग उतरला. मी काही ऑपरेशन केलेलं नाही.

आमच्याकडे मळणी चालू आहे आणि मामंजींच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांना सोडून दोघांनी बाहेर पडणं होत नाही. म्हणून हे घर बघायचं काम तुझ्यावर. मुलाकडच्यांनाही ते मान्य आहे. "मावशी म्हणजे मायच," असं मुलाची आई देवकाबाई केवळरामभाऊंना म्हणाली.

घर, शेती, गिरणीतली नोकरी, हे सगळं केवळरामभाऊंनी सांगितलंय. तू माणसं बघ. मागच्या साली आमगावच्या लग्नात दिव्या पंगतीत वाढत होती, आठवतं? तेव्हा बुंदीची बादली तिच्या हातून ज्यानं घेतली, तो हा योगराज. त्या दिवसापासून ही पोरगी काही बोलत नाही, पण कामठ्याला गोंदियाहून कोणती गाडी जाते हे तिला पाठ आहे.

मला एकाच गोष्टीची धास्ती आहे ताई, ती तुलाच लिहू शकते. दिव्यानं अंगकाठी तुझी घेतली आहे. तिरोड्याच्या लोकांनी गेल्या वर्षी तिला बघायला येऊन काय म्हटलं ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. "पोरगी चांगली आहे, पण जरा भारी आहे." पंधरा दिवस ती ताटावर नुसती बसत होती. पुन्हा तसं झालं तर माझी पोर मोडेल.

म्हणून तुझ्या ऑपरेशनचं तिथं काही बोलू नकोस. मावशीनं पोट कापून घेतलं म्हटलं तर त्यांना पुढं दिव्याच दिसेल.

तुझी,
रविता


कुडवा
२४ नोव्हेंबर २०१४

प्रिय रविता,

काल जाऊन आले. मुलगा आपला म्हण.

आधी हे ऐक. मी केवळरामभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. कितीतरी वर्षांनी. निघण्याआधी त्यांनी मागच्या चाकाकडे बघितलं, मी बघितलेलं त्यांनी बघितलं, आणि दोघांनीही काही पाहिलं नाही असं केलं.

घर पुढून स्लॅबचं, मागचं स्वयंपाकघर अजून जुनं कौलारू. अंगणात धानाची पोती रचलेली. वडील मनीरामजी कमी बोलणारे. देवकाबाईंचे हात कामाचे आहेत, आणि बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतात.

आता योगराजचं सांगते. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा ओसरीवर माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती, दोन्ही बाजूंनी हात असलेली. तशी खुर्ची बघितली की मी उभीच राहते, हे तुला कधी सांगितलं नसेल. बसताना ती कमरेला घट्ट धरते आणि उठताना सोबत उठते. मी अजून चप्पल काढत होते, तेवढ्यात त्या मुलानं खुर्ची उचलून बाजूला नेली आणि लाकडी बाक आणून ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. आपण होऊन केलं आणि आत निघून गेला. रविता, अशा माणसाच्या घरात दिव्या ताटावर कधी उगीच बसून राहणार नाही.

उपम्याचे दोन चमचे खाल्ले, बाकीचा बशीत पसरून ठेवला. आपण लहानपणी कारल्याची भाजी ठेवायचो तसा. आणि माझी सगळ्यात मोठी शर्यत मी निघताना जिंकले. देवकाबाई स्वतः कॉफी घेऊन आल्या. केवळरामभाऊंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की बाई चहा घेत नाहीत, कॉफीच्या शौकीन आहेत. आमगावला मी आचाऱ्याकडे कॉफी मागायला गेले होते ते त्यांच्या लक्षात. काशाच्या वाटीत आणली होती, घरच्या म्हशीचं दाट दूध, वर साय. तो वास नाकात गेला आणि माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. सगळे बोलायचे थांबले होते. दोन महिने पुरे व्हायला अजून पंधरा दिवस, आणि साखर तर दिसतच होती, वाटीच्या तळाशी. मी हात जोडून "नको, राहू द्या" म्हटलं आणि वाटी त्यांच्या हातात परत दिली. ओठसुद्धा लावला नाही.

देवकाबाई वाटी घेऊन आत गेल्या, त्या निरोप द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. लाजाळू असाव्यात. येताना केवळरामभाऊही गप्प होते. गार वाऱ्यात कोण बोलणार.

तू तयारीला लाग.

तुझी,
दुर्गाताई


नवेगाव बांध
७ डिसेंबर २०१४

दुर्गाताई,

कामठ्याहून दोन आठवडे निरोप नाही. काल केवळरामभाऊ दुसऱ्या कामानं इकडे आले होते, तेव्हा मीच विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मले काऊन पुसता वो बाई? तुमच्याच ताईनं वाटी वापस केली. त्यायनं नाई म्हटल्यावर मी कोन्या तोंडानं बोलू?"

आपल्या आजीच्या तोंडून तू ऐकलं असशील. तिकडच्या काही घरांत अजून ती रीत आहे. बोलणी मनासारखी झाली की घरची बाई पाहुणीला काशाच्या वाटीत गोड दूध देते. पाहुणी प्यायली की होकार. परत केली की नकार. तोंडानं कुणी काही म्हणत नाही, कुणाचा अपमान नको म्हणून.

मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात तू घराचं इतकं चांगलं लिहिलंस. मग वाटी परत का केलीस? तिथं तुला काही दिसलं, ते मला वाईट वाटेल म्हणून लपवतेस का? मुलाला व्यसन आहे का? की त्यांनी दिव्याच्या अंगाबद्दल काही म्हटलं, आणि तू रागानं वाटी परत केलीस? जे असेल ते सरळ लिही.

दिव्याला वाटतंय की त्यांनीच तिला नाकारलं. मी काही बोलले नाही, कारण मलाच कळत नाही. काल संध्याकाळी ती बांधाकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तिला आणायला गेले तेव्हा पाण्याकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "आई, मीही मावशीसारखं ऑपरेशन करून घेऊ का?"

बावीस वर्षांची पोर, ताई. चांगली धडधाकट.

रविता


कुडवा
९ डिसेंबर २०१४

रविता,

पत्र आत्ताच मिळालं. शाळेतून आले ती साडीही बदलली नाही.

मला तिथं काही दिसलं नाही. जे दिसलं ते सगळं मी लिहिलं होतं. कुणी दिव्याच्या अंगाबद्दल एक शब्द काढला नाही.

दुधाच्या वाटीची रीत मला ठाऊक आहे. त्यांनी दूध दिलं असतं तर मी ओळखलं असतं, काहीही करून घोटभर प्यायले असते, मग घाम फुटो नाहीतर भोवळ येवो. पण ती कॉफी होती. मला कॉफी आवडते म्हणून त्या माउलीनं होकाराच्या दुधात कॉफी घातली! माझ्या आवडीसाठी त्यांनी रीत वाकवली, आणि मला त्यात रीत दिसलीच नाही. मी आपली माझ्या निग्रहावर खूश होऊन बसले.

सगळे का थांबले होते, ते आता कळतं. त्या आत का गेल्या तेही. सोळा दिवस ते घर समजतंय की शहरातली मास्तरीण आली, आपलं दूध बघितलं आणि नको म्हणाली.

उद्याच जाते असं म्हणत होते, पण हातात पेन घेऊन बसले आणि थबकले. जाऊन काय सांगू? पित्ताशयाचे खडे म्हटलं, तर खडे काढलेला माणूस घोटभर कॉफी पितोच. आणि खरं सांगितलं, तर तू ज्याला भितेस तेच होईल. मला माझी लाज वाटते असं नाही. ती नागपूरच्या त्या टेबलावर बरीचशी गेली. भीती आहे ती दिव्यासाठी.

तू सांगशील तसं करते. आणि दिव्याला सांग, तिला कशाचंही ऑपरेशन नको आहे. माझी साखर वाढली होती, झोपेत श्वास थांबत होता, म्हणून मी केलं. कुणी नाकारू नये म्हणून पोट कापत नाहीत.

दुर्गाताई


नवेगाव बांध
११ डिसेंबर २०१४

ताई,

हे पत्र घेऊन दिव्याचे बाबा स्वतः येत आहेत, मळणी शेजाऱ्याच्या हवाली करून. तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. मामंजींना वाटलं कुणी गेलं.

खडेच सांग, असं माझं मत. म्हणावं खड्यांमुळे दूध चालत नाही. पण दिव्यानं पत्र वाचलं, आणि तिला तिच्या हातानं काही लिहायचं आहे. मी वाचणार नाही म्हटलंय.

रविता

मावशी,

आईचं ऐकू नकोस. खरं सांग. लग्नानंतर मी त्या घरात रोज दिसणारच आहे. आज लपवलं तर मला जन्मभर पोट आत ओढून चालावं लागेल. खरं ऐकून नाही म्हणाले तर एकदाच रडेन.

आणि खुर्चीचं तू लिहिलंस, ते मी तीनदा वाचलं.

दिव्या


कुडवा
१५ डिसेंबर २०१४

प्रिय रविता,

आधी सांगते म्हणजे तुझा जीव खाली पडेल. झालं. त्यांचा होकार आहे, आपलाही आहे. आता सावकाश वाच.

काल पुन्हा केवळरामभाऊंच्या मागे बसून गेले. आदल्या दिवशी नागपूरला फोन करून आहाराचं बघणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, दोन महिने झालेत, अर्धी वाटी घ्या, पण साखर नको. मी म्हटलं, होकार गोडच असावा लागतो. तिला काही समजलं नाही, ती म्हणाली, मॅडम, शुगर स्ट्रिक्टली नो.

कामठ्याला ओसरीवर मनीरामजींनी "या" म्हटलं. पाणी आलं, थोरल्या सुनेच्या हातून. देवकाबाई आल्याच नाहीत. मी सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. मी समोर खाली बसले, मांडी घालून. रविता, मी जमिनीवर मांडी घालून बसले! एरवी मी ओरडून सगळ्यांना दाखवलं असतं. काल लक्षातही आलं नाही.

मी सगळं सांगितलं. वजन, श्वास, ऑपरेशन, वाटी, दोन महिने, साखर. त्या चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती कापलं?"

मी हातानं दाखवलं.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. मग लाकूड आत सारून, "अन् मले वाटलं, माही कॉपीच बिघडली."

तेव्हा कळलं की त्यांच्या घरात कॉफी कुणी पीत नाही. योगराजनं गोंदियाहून पुडी आणली. मी यायच्या आधी दोन दिवस त्या करून बघत होत्या, एकदा कडू झाली, एकदा उतू गेली. तिसरी जमली ती माझ्यापुढं आणली, आणि मी ओठही न लावता परत केली. त्यानंतर पुडी त्यांनी डब्यांच्या मागे टाकून दिली होती. मुलानं विचारलं तर म्हणाल्या, शहरातल्या बाईले आपल्या हातचं कायले आवडंन.

मी त्यांच्या दुधाला घाबरले आणि त्या माझ्या जिभेला. मधल्या मध्ये दोन पोरं.

मग जे मला नको होतं ते त्यांनी विचारलंच. "पोरगी बी तुमच्यावानीच हाये न?"

मी दिव्याची चिठ्ठी आठवली. म्हटलं, "हो. माझ्याच अंगाची आहे. मी तिच्या वयाची होते तेव्हा अशीच होते. पुढं कशी होईल ते मला सांगता येत नाही."

"मी पायली हाये तिले, आमगावच्या लग्नात," देवकाबाई म्हणाल्या. "भरली बादली एका हातात घेऊन पंगतीतून अशी जाये का एक बुंदी सांडली नाई. मी तवाच पोऱ्याले म्हटलं, जाय, बादली धर तिची."

रविता, बादली त्यानं आपण होऊन धरली नव्हती. आईनं पाठवलं होतं. दिव्याला हे सांगू की नको, ते तू ठरव. खुर्ची मात्र त्याचीच. मी खात्री करून घेतली.

मग त्यांनी पुडी शोधून काढली आणि कॉफी केली. काशाची वाटी पुसली, अर्धी भरली. साखरेच्या डब्यापाशी हात नेला आणि थांबल्या. ओसरीवरून मनीरामजी खाकरले. त्यांना आतलं सगळं ऐकू जात असणार. सून दाराशी उभी होती. बिनसाखरेची वाटी ह्या घरात आजवर कुणाला दिली नव्हती, आणि साखर घातली तर मी तिथंच आडवी झाले असते. मी म्हणणार होते की एक दाणा घाला, बघू काय होतं ते.

देवकाबाईंनी डब्यातून मूठभर साखर काढली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. वाटी माझ्या हातात दिली.

"गोड मी खातो," त्या गालात साखर धरून म्हणाल्या. "तू कॉपी पे."

आतापर्यंत त्या मला 'तुमी' म्हणत होत्या.

पुढची गंमत ऐक. मला घोट घोट प्यावी लागते, दोन घोटांमध्ये थांबावं लागतं. वाटी रिकामी होईपर्यंत होकार पुरा होत नाही, म्हणून कुणी जागचं हलेना. कॉफी गार झाली. देवकाबाईंनी ती काढून घेऊन पुन्हा तापवली, पुन्हा दिली. केवळरामभाऊ दोनदा दारात डोकावून गेले. योगराज मागच्या अंगणात सायकलला हवा भरत होता, त्या चाकात मला वाटतं आणखी कणभर हवा मावली नसती. मनीरामजींनी बाहेरून विचारलं, "झाली का वं?" एव्हाना तोंडात साखरेची दुसरी मूठ असल्यामुळे देवकाबाईंना बोलता येईना, त्यांनी नुसता हात हलवला, दम धरा म्हणून, जणू ते त्यांना भिंतीतून दिसणार होतं. मला हसू फुटलं आणि घोट नाकात जाता जाता राहिला.

कडू होती. खरं सांगू, वीस वर्षं तीन चमचे साखरेखाली मी कॉफी कधी चाखलीच नव्हती. जरा जळका वास होता, थोडा धूर होता, खाली दूध होतं. पोटानं ती मुकाट्यानं घेतली. छाती धडधडली नाही. मी वाट बघत बसले, पण काही झालं नाही.

वाटी रिकामी झाली तशी ती घेऊन देवकाबाई ओसरीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर पालथी करून दाखवली.

पुढच्या रविवारी ते तुमच्याकडे येत आहेत. मामंजींची सोय म्हणून ते सगळे येतील, तुम्हाला हलायला नको. दिव्याला म्हणावं, पोट आत ओढू नकोस. तिथं कुणी बघणारं नाही, आणि जो बघणार आहे त्याला बाक कुठं ठेवायचा ते कळतं.

निघताना त्यांनी वाटी धुऊन माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, ह्या घरात तो शब्द मी एकदा वापरून बघितला आहे. त्या म्हणाल्या, "लग्नापावतर तुह्यापाशी राहू दे. रोज याच्यातच पेत जाय, म्हनजे मापात राह्यशीन. वैशाखात पोरीसंग वापस धाडजो."

आज पहाटे पायरीवर गेले तेव्हा बरोबर ती वाटी होती, अर्धी भरलेली. हे उठून आले, दारात उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "आज पेला रिकामा नाही?"

मी सरकून त्यांना पायरीवर जागा दिली. आता तिथं दोघं मावतो.

तुझी,
दुर्गाताई